कुंभार पिंपळगाव आणि अर्धे तिकीट

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव हे बाजारपेठेचे गाव आहे. समर्थ रामदासांचे जांब येथून जवळच. भोवतालच्या खेड्यांतील माणसे किराणा, बी-बियाणे, दवाखाना अशा कामांसाठी येथे येतात. गावाला रेल्वे नाही. गरिबाचे हक्काचे वाहन म्हणजे एस.टी.

आम्ही जालन्याहून अंबड, घनसावंगी मार्गे सहकुटुंब निघालो. वाहकाने यंत्रातून तिकिटे काढली. सत्त्याहत्तर वर्षांच्या आईचे शून्य रुपयांचे, पत्नीचे अर्धे, नऊ वर्षांच्या मुलाचे अर्धे. पूर्ण तिकीट फक्त आमचे! चार माणसांचा प्रवास दोन तिकिटांत झाला. शेजारच्या मावशी दवाखान्याला निघाल्या होत्या. अर्ध्या भाड्यामुळे आता सुनेलाही सोबत नेता येते, असे त्या सांगत होत्या.

वाचकहो, ही खैरात नव्हे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. मोफत झाली. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे लागू झाले. उरलेली रक्कम राज्य शासन महामंडळाला देते, म्हणजे ती जनतेच्या करातूनच जाते. काड्यापेटी विकत घेणारा मजूरही तो कर भरतो. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा या सवलतीचे मोल अधिकच कळले.

परंतु सवलत एस.टी.त आहे, रस्त्यावर नाही. गाडी चुकली की काळी-पिवळी जीप. तेथे म्हातारी कोण, लेकरू कोण, हे कोणी विचारीत नाही. आमच्यासारख्या चौघांना चार माणसांचे भाडे पडते. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. पण शाळेच्या वेळेला गाडी नसेल तर तो पास दप्तरातच राहतो. मग घरचे म्हणतात, पोरीची शाळा पुरे झाली. खरे नुकसान होते ते येथे.

म्हणून माताभगिनींनो, प्रवासात म्हाताऱ्या माणसांचे आधार कार्ड जवळ ठेवा, मुलींचे पास वेळेवर काढा. आपल्या गावाला शाळेच्या वेळेची गाडी नसेल, तर ग्रामसभेत ठराव घ्या आणि आगारप्रमुखांना लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच मागायला मात्र विसरू नका.