काचेच्या नळ्या

दर पाच वर्षांनी आमच्या घरात एक निळी फाईल कपाटातून बाहेर येते. तिच्यात सीएमईची, म्हणजे डॉक्टरांनी घेत राहायच्या शिक्षणाची, प्रमाणपत्रं असतात. रात्री जेवणं झाली की आई ती टेबलावर तारखेप्रमाणे लावते आणि मी बेरीज करते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं, तर पाच वर्षांत ३० पॉइंट झालेले लागतात.

"किती झाले?"

"तेवीस."

मग उरलेल्या सात पॉइंटांसाठी कुठल्या रविवारी कुठं काय आहे, याची शोधाशोध सुरू होते.

आई कणकवलीजवळच्या एका गावात १९८९ पासून जीपी आहे. भारतीय वैद्यक परिषदेनं २००२ साली डॉक्टरांसाठी आचारनियम केले, त्यात पाच वर्षांत किमान ३० तासांचं शिक्षण घ्यावं असं म्हटलं होतं. पुढं ती परिषद गेली, २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. आयोगानं ऑगस्ट २०२३ मध्ये नवे आचारनियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगितही केले. तीसचा आकडा मात्र त्यांतही होताच. पाच वर्षांत तीस तास म्हणजे वर्षाला सहा. ऐकायला हे काहीच नाही. पण कणकवलीहून फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, दिवसभर बसायचं आणि रात्री परतायचं, तर अख्खा दिवस जातो. त्या दिवशी गावात कुणाला दम लागला, कुणी गडग्यावरून पडला, तर दवाखान्याला कुलूप असतं. आईला घाटातसुद्धा त्याचीच काळजी असते.

गाडी मी चालवायचे, त्यामुळं यातली बरीच भाषणं मागच्या रांगेत बसून मीही ऐकली. सगळीच काही ऐकण्याजोगी नव्हती. एका मोठ्या हॉटेलातल्या कार्यक्रमात सकाळी सह्या झाल्या आणि दुपारच्या जेवणानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. व्याख्याता तिथंच उभा होता, बोलत होता. आई शेवटपर्यंत बसली, पण परतताना फार अस्वस्थ होती. "एवढ्यासाठी मी दवाखाना बंद ठेवला?" एवढंच म्हणाली. महाराष्ट्र परिषदेचा निरीक्षक कार्यक्रमाला येतो, हजेरी पाहतो. पण कोण काय शिकून गेलं ते हजेरीपटावर उमटत नाही. मला ही या नियमातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

तरीही हा नियम असावा असं मी ठामपणे म्हणते, ते २०११ च्या ऑगस्टमधल्या एका रविवारमुळं.

विषय होता सर्पदंश. आमच्या भागात जांभ्याच्या गडग्यांत फुरसं असतं, भातखाचरांत नाग, आणि रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते, चावल्याचं कळतही नाही. आईनं असे रुग्ण वीस-बावीस वर्षं पाहिले होते. तिला वाटलं होतं, इथं नवं काय असणार? व्याख्यात्यानं केंद्र सरकारच्या २००९ च्या उपचारपद्धतीपासून सुरुवात केली आणि पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं की प्रतिविष देण्यापूर्वी हातावर टोचून करतात ती टेस्ट बंद करा. रिअ‍ॅक्शन येणार की नाही हे तिच्यातून कळत नाही, मोलाचा वेळ मात्र जातो. त्याऐवजी अ‍ॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवा आणि प्रतिविष सुरू करा.

आई ती टेस्ट प्रत्येक रुग्णावर करत आली होती. मिरजेला शिकताना तिला तसंच शिकवलं होतं.

पुढं रक्त गोठण्याची परीक्षा आली. फुरसं किंवा घोणस चावली तर रक्ताची गोठण्याची शक्ती जाते. दोन मिलिलिटर रक्त नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी आडवी करून पाहायची. एवढी सोपी परीक्षा. पण नळी काचेची हवी, नवी आणि कोरडी हवी. रक्त गोठण्याच्या क्रियेला काचेच्या पृष्ठभागामुळं चालना मिळते. प्लास्टिकमध्ये चांगलं रक्तही पातळ राहू शकतं. आमच्या दवाखान्यात तेव्हा सगळ्या नळ्या प्लास्टिकच्या होत्या.

परतताना आई राधानगरीपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग बोलली ती विंचवाबद्दल. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून पाहिलं आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलं. कोकणातल्या डॉक्टरनं जगाला शिकवलेली ती गोष्ट आईनं दवाखाना उघडल्यापासून वापरली होती. "तिकडं मी जागी होते," ती म्हणाली, "आणि सापाच्या बाबतीत झोपले." सोमवारी तिनं कणकवलीहून काचेच्या नळ्यांचा खोका मागवला.

दवाखान्यातल्या सिस्टरांनी तो खोका फडताळात ठेवला आणि विचारलं, "बाई, माझ्या तासांचं काय?" तो प्रश्न मी विसरलेले नाही. नर्सना पाच वर्षांत १५० तास लागतात, डॉक्टरांच्या पाचपट. फार्मासिस्टना पाच वर्षांत दोन रिफ्रेशर कोर्स. मोठ्या इस्पितळातल्या नर्ससाठी वर्ग तिथंच भरतात. खेड्यातल्या चार खाटांच्या दवाखान्यातल्या एकट्या सिस्टरनं कुठं जायचं, रजा कुणाकडं मागायची आणि प्रवासखर्च कुणी द्यायचा? तेव्हापासून आई त्यांचा खर्च करते आणि रजाही देते. पण हे एका डॉक्टरच्या मर्जीवर सोडण्याजोगं नाही. वर्ग तालुक्याला, ग्रामीण रुग्णालयात भरले पाहिजेत.

पुढच्या वर्षी लावणीच्या दिवसांत संध्याकाळी एका बाईला तिच्या दिरानं खांद्यावरून आणलं. गडग्यापाशी पायाला फुरसं चावलं होतं. आईनं काचेच्या नळीत रक्त घेतलं, नळी खिडकीत उभी केली आणि मला घड्याळाकडं बघत बसायला सांगितलं. वीस मिनिटं मी त्या नळीवरून नजर हलवली नाही. आईनं ती आडवी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. अ‍ॅड्रेनॅलिनची सिरिंज ट्रेमध्ये तयार होती. तिनं हातावर टोचून पाहिलं नाही. दहा व्हायल प्रतिविष सलाईनमधून सुरू केलं, आणि ते संपत आल्यावर आम्ही त्या बाईला माझ्या गाडीतून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेलं.

सहा तासांनी तिथं पुन्हा तीच परीक्षा झाली. रक्त गोठलं होतं. पहाटे घरी आल्यावर आई आधी दवाखान्यात गेली आणि खिडकीतली नळी उचलून तिनं टाकून दिली. सिस्टर ती धुऊन ठेवणार होत्या. साबणानं धुतलेल्या काचेतही परीक्षा चुकते, हे त्याच रविवारी सांगितलं होतं.