जोड लागली पाहिजे

गीज हॉवर्ड मेला होता. १९९१ साली ‘फेटल फ्युरी’ नावाच्या जपानी खेळात टेरी बोगार्डनं त्याला उंच इमारतीवरून खाली पाडलं होतं. गीज हा टेरीच्या बापाचा खुनी, त्यामुळे हिशेब चुकता झाला आणि गोष्ट संपली. पण १९९६ साली तोच गीज ‘द किंग ऑफ फायटर्स’मध्ये हाताची घडी घालून पुन्हा उभा! एका बाजूला त्याच मालिकेतला क्राउझर, दुसऱ्या बाजूला ‘आर्ट ऑफ फायटिंग’मधला मिस्टर बिग. तीन खलनायकांची एक टोळी, आणि रुपयाचं नाणं टाकून ती टोळी कुणीही घ्यावी.

मेलेला माणूस परत कसा आला, हे आमच्याकडच्या पोरांनी कधी विचारलं नाही. जत्रेतल्या वगात पहिल्या प्रवेशात धारातीर्थी पडलेला सरदार तिसऱ्या प्रवेशात भालदार होऊन आलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना गीजचं काय नवल? नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. मरण हा तिथं फार तर कपडे बदलण्याएवढा अवकाश असतो.

नव्वदीच्या शेवटाला नारायणगाव, मंचर, जुन्नर अशा बाजाराच्या गावांत कॅसेटच्या नाहीतर झेरॉक्सच्या दुकानामागे एखादी अंधारी खोली असायची. तिच्यात दोन-तीन मशिनं, आणि प्रत्येक मशिनाला पाच-सहा पोरं चिकटलेली. शाळेचं दप्तर पायांत धरून उभं राहायचं, म्हणजे कुणी उचलत नाही. जपानी नावं कुणाला येत होती? लाल टोपीवाला टेरी हा ‘टोपी’, क्यो हा ‘आगवाला’, लोखंडी गोळा फिरवणारा चांग म्हणजे ‘गोळेवाला’ आणि ज्युडो खेळणारा भलाथोरला गोरो दायमोन हा सरळ ‘पैलवान’. पैलवान हळू चालायचा, पण एकदा हाताला लागला की समोरच्याची अर्धी लाइफ गेली.

‘किंग ऑफ फायटर्स’ची युक्ती साधी होती. एसएनके या ओसाकाच्या कंपनीकडे वेगवेगळे खेळ होते आणि प्रत्येकाचे आपापले नायक होते. १९९४ साली त्यांनी हे सगळे एका स्पर्धेत आणले. तिघांचा एक संघ, असे आठ संघ. ‘फेटल फ्युरी’वाले एकीकडे, ‘आर्ट ऑफ फायटिंग’वाले दुसरीकडे. कोरियाच्या संघात तर किम हा सरळमार्गी नायक आणि त्याच्यासोबत चांग आणि चोई हे दोन गुन्हेगार, सुधारण्यासाठी म्हणून हाती घेतलेले. पुढच्याच वर्षी संघ मोडून हवे ते तिघे एकत्र घ्यायची मुभा आली. बापाच्या खुन्याशेजारी पोरगा उभा राहिला तरी मशिनाची तक्रार नव्हती.

मग तसे खेळ बरेच झाले. कॅपकॉमनं आपले लढवय्ये मार्व्हलच्या मंडळींसमोर उभे केले. २००८ साली स्क्वेअर एनिक्सनं ‘डिसिडिया’ काढला, त्यात ‘फायनल फँटसी’च्या पहिल्या दहा खेळांतला एकेक नायक आणि एकेक खलनायक समोरासमोर आणून ठेवला. या सगळ्यांच्या मुळाशी एकच अट आहे, आणि ती मला फार न्यायाची वाटते. एकदा रिंगणात उतरलं की नायकाची लाइफ खलनायकाच्या लाइफएवढीच लांब. गोष्टीत कोण जिंकलं होतं, याची इथं दाद लागत नाही.

ही अट आमच्याकडे मशिनाच्या आधीपासून होती. चैत्र-वैशाखात गावोगाव यात्रा. रात्री देवाचा छबिना, मग तमाशा. सकाळी हजेरी, आणि ऊन कललं की कुस्त्यांचा आखाडा. ओतूरला कपर्दिकेश्वराच्या जत्रेत हाच आखाडा श्रावणात, चिखलपाण्याच्या दिवसांत रंगतो. (बैलगाड्यांचं वेगळं. आमच्या घाटात गाडा एकटाच पळतो, पुढं घोडी आणि समोर सेकंदाचं घड्याळ. त्यात बारी बसते किंवा बसत नाही. शत्रू असा दिसत नाही.) आखाड्यात मात्र समोर माणूस लागतो. हलगी कडाडते. आधी रेवड्यांवर बारकी पोरं, मग दहा-वीस रुपयांच्या, मग शेकड्यातल्या आणि शेवटी मानाची कुस्ती. पंचांचं खरं कसब कुस्ती सुटण्याआधी दिसतं. कुणाचा हात कुणाच्या हातात द्यायचा? दोघांना हात धरून रिंगणातून फिरवतात. लोक मांड्या बघतात, माना बघतात, आणि दोघांत फरक दिसला की कडेवरून ओरड होते, ‘जोड नाय!’ मग पंच मुकाट दुसरा गडी शोधतात. आपल्या गावचा पैलवान जिंकावा असं प्रत्येकाला वाटतं, पण फुकटात जिंकलेला कुणालाच नको असतो.

शिवाय प्रत्येक डावाला तोड असते. पट काढायला आला तर वरून दाबायचं, ढाक लावायला आला तर पाय सोडवून घ्यायचा. बिनतोड डाव असता तर आखाडे कधीच ओस पडले असते. लढाईचे खेळ बनवणारे लोक महिनोन्‌महिने नेमकं हेच करत बसतात: लांब हात दिले तर पाय मंद करायचे, आग दिली तर ती टाकल्यावर क्षणभर अंग उघडं ठेवायचं.

या सगळ्या विचारात मला एक चाळा लागला आहे. जुन्नर-आंबेगावचा असा खेळ काढायचा झाला, तर निवडीच्या पडद्यावर कोण कोण उभं राहील?

पहिली नागणिका. नाणेघाटाच्या लेण्यात तिच्या घराण्याच्या यज्ञांची जंत्री कोरली आहे. दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले ते आकड्यांनिशी. ते आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या आकड्यांत मोजले जातात. भिंतीशी सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते. आता वर नावं आहेत आणि खाली पायांच्या खुणा. तेव्हा ही विधवा राणी खेळात घ्यायची तर चेहरा आपल्यालाच द्यावा लागणार. तिच्या समोर नहपान. तो शक, परका, सातवाहनांचा मुलूख बळकावणारा, म्हणजे आयताच खलनायक. पण जुन्नरजवळच्या मानमोडीच्या लेण्यांत त्याच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे, शेचाळिसाव्या वर्षाचा. त्यात कुणाला बुडवल्याची बढाई नाही. पाण्याचं टाकं आणि मंडप दान दिल्याची नोंद आहे. परक्या राजाचा माणूस आमच्या डोंगरात पाण्याची सोय करून गेला.

नहपानाला गौतमीपुत्र सातकर्णीनं हरवलं, हे पक्कं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्रानं आपला छाप वरून मारलेला. एका नाण्यावर हरलेल्याचा चेहरा आणि त्याच चेहऱ्यावर जिंकलेल्याची मोहोर! असा पडदा एसएनकेलाही सुचला नसता. ‘किंग ऑफ फायटर्स’च्या कथेत ओरोची नावाच्या आदिशक्तीला तीन घराण्यांनी १८०० वर्षांपूर्वी बंदिस्त केलं असं आहे. त्या काळात नाणेघाट वाहता होता आणि कोकणातून चढून आलेला माल जुन्नरच्या बाजारात उतरत होता. तिकडच्या कल्पनेत जेवढी वर्षं, तेवढी इकडं दगडात.

मग मलिक अहमद. बहमनींशी बिनसलं आणि त्यानं १४९० साली निजामशाही उभी केली, ती जुन्नरात, अहमदनगर नंतरचं. आणि मलिक अंबर. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, पुढं त्यानं निजामशाहीची गादी काही काळ जुन्नरातच ठेवून चालवली आणि मोगलांना दमवलं. आमच्या नाटका-सिनेमांच्या सवयीनं अंबर खलनायकाच्या रांगेत जाईल. पण १६२४ साली भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही फौजांसमोर मलिक अंबरच्या बाजूनं कोण लढत होतं? शहाजीराजे. त्यांचे बंधू शरीफजी त्या लढाईत पडले. संघ मोडून नवे संघ बांधण्याची मुभा आमच्या इतिहासानं फार आधी देऊन ठेवली होती.

आणि इथं माझा खेळ अडतो. कारण पुढचं नाव शिवाजी महाराजांचं.

१६३० साली शिवनेरीवर जन्म. निवडीच्या पडद्यावर मधोमध जागा त्यांचीच, यात वाद नाही. पण रिंगणात उतरलेल्या प्रत्येकाला हरता यावं लागतं. एखाद्या दहा वर्षांच्या पोराच्या हातून महाराजांची लाइफ कमी होत चालली आहे आणि समोरून दुसरं पोरगं औरंगजेब घेऊन बटणं बडवतंय, हे आमच्यातल्या कुणाला बघवेल? मला तरी नाही. मग काय करणार, त्यांना अजिंक्य ठेवणार? तसं केलं तर खेळच संपला. ज्याच्या हाती महाराज तो जिंकला, आणि कडेवरून पुन्हा तीच ओरड, जोड नाय. थोरवी सांगणं हे वगाचं आणि पोवाड्याचं काम, ते मशिनावर लादू नये असं माझं मत बनलं आहे. महाराजांना खेळात न घेणं हाच त्यांचा मान.

तरी शिवनेरीचा इतिहास आमच्या भक्तीपेक्षा धीट आहे. १६५७ साली महाराजांनी रात्री दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहर लुटलं. तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले असं इतिहासकार लिहितात. किल्ला मात्र मोगलांकडे राहिला. पुढंही तो घ्यायचा प्रयत्न झाला, फसला. ज्या किल्ल्यात जन्म झाला तो त्यांना हयातीत मिळाला नाही. मराठ्यांकडे तो १७१६ साली, शाहू महाराजांच्या काळात आला. शाळेच्या सहलीत शिवाई देवी दाखवतात, पाळणा दाखवतात, पण हे क्वचितच सांगतात. पोरांना सांगितलं तर त्यांचे महाराज लहान होतील अशी भीती वाटत असावी. मला तर ते यामुळेच जास्त जवळचे वाटतात.

त्याच गडावर काळा चौथरा आहे. मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची मुंडकी तिथं उडवली, असं परंपरा सांगते. ते नावानिशी कुणाला आठवत नाहीत. त्यांना खेळात आणायचं तर चेहरे नसलेला एक संघच करावा लागेल.

छुपा गडी कोण, हे सांगायलाच नको. अशा खेळांत एखादा लढवय्या पडद्यावर दिसत नाही. ठरावीक बटणं ठरावीक क्रमानं दाबली की तो उसळी घेतो. आमच्याकडं तो उसातून येतो. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे. कालव्याला पाणी आलं, पाण्यानं ऊस आला आणि उसाच्या आडोशाला बिबट्यानं घर केलं. आता त्याची पिल्लं जंगल न बघताच मोठी होतात. ज्या घरातलं माणूस त्यानं नेलं, तिथं तो खलनायकच, आणि त्या घराला दुसरं काही समजावायला मी जाणार नाही. माणिकडोहच्या निवारा केंद्रात गजाआड येरझाऱ्या घालणारा बिबट्या पाहिला, की मात्र कोण कुणाच्या रानात शिरलं हा हिशेब जुळत नाही.

आंबेगावकडून एकच नाव पुरे: होन्या केंगले, जांभोरीचा. १८७३ ते १८७६ या तीन वर्षांत यानं टोळी जमवून सावकारांना सळो की पळो केलं. जमिनी गिळणाऱ्यांच्या वह्या आणि नाकं, दोन्ही धोक्यात आली. इंग्रजांनी त्याच्यावर इनाम लावलं आणि मेजर डॅनियलनं त्याला १८७६ साली पकडलं. सरकारी गॅझेटिअरात तो दरोडेखोर आहे, डोंगरातल्या वाड्यांत तो क्रांतिवीर आहे. गीजसारखं त्याला मरून परत यावं लागलं नाही. तो एकाच वेळी दोन्ही रांगांत उभा आहे.

देवाच्या दारातही हीच सरमिसळ. भीमाशंकराची एक कथा कुंभकर्णाच्या मुलाची, भीम नावाच्या असुराची आहे. शंकरानं त्याला मारलं आणि ज्योतिर्लिंगानं त्याचंच नाव धारण केलं. देवळापुढची भलीमोठी घंटा चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली. हरलेल्या असुराचं नाव, हरलेल्या फिरंग्याची घंटा, आणि आपण दोन्हींपुढं हात जोडून येतो.

असा खेळ अजून कुणी काढलेला नाही, पण काढणारे हात लांब नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली ‘राजी’ काढला; त्यात दुर्गेचा वर मिळालेली एक मुलगी असुरांशी लढते. सुपरगेमिंग ही कंपनीही पुण्याचीच. नाशिक रस्त्यानं दोन तासांवर नारायणगाव आहे. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हा लेख पडलाच, तर माझं मागणं एवढंच: नहपानाला नुसता राक्षस करू नका, त्याच्या हाती पाण्याचं टाकंही द्या. अंबरला रंगावरून खलनायकांच्या रांगेत ढकलू नका. आणि होन्या केंगलेला कुठल्या बाजूला उभं करायचं, हे ठरवण्याआधी एकदा जांभोरीला जाऊन विचारून या.