जर्सीवरचे नाव

बीजिंग ऑलिंपिकचे दिवस होते, म्हणजे 2008चा ऑगस्ट. अभिनव बिंद्राच्या सुवर्णपदकाचा आनंद आमच्या स्टाफरूममध्ये अजून ताजा होता. अशात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी वर्तमानपत्रातली एक लहानशी बातमी माझ्यापुढे सरकवली. मी एकेकाळी कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होते हे त्यांना ठाऊक होते. बेकी हॅमन नावाची अमेरिकन खेळाडू रशियाच्या संघातून आपल्याच देशाविरुद्ध उपांत्य सामना खेळली आणि हरली, अशी ती बातमी. "पैशासाठी माणसे काय काय विकतात पाहा, मॅडम," ते म्हणाले. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची टोचणी मला पुढे फार दिवस लागून राहिली. तिच्याविषयीच आज लिहायचे आहे.

हॅमनचा जन्म 1977चा, साउथ डकोटा राज्यातली रॅपिड सिटी हे तिचे गाव. उंची 5 फूट 6 इंच, म्हणजे या खेळाच्या हिशेबाने ठेंगणीच. अशा खेळाडूच्या वाट्याला सहसा गार्डची जागा येते. ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते : गार्डने चेंडू टप्पे देत समोरच्या बाजूला न्यायचा, जाता जाता आपल्या बाकीच्या चौघी कुठे आहेत आणि पुढच्या क्षणी कुठे असतील याचे भान ठेवायचे, आणि हे सारे करताना चेंडूकडे मात्र बघायचे नाही. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाकडून चार वर्षांत हॅमनने 2740 गुण मिळवले. तरीही 1999 साली डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक लीगची निवड झाली तेव्हा एकाही संघाने तिचे नाव पुकारले नाही. महिलांची दुसरी लीग, एबीएल, आदल्याच डिसेंबरात बुडाली होती आणि तिच्यातल्या मुरलेल्या खेळाडू त्या वर्षी एकदमच उपलब्ध झाल्या होत्या. हॅमनला न्यूयॉर्क लिबर्टीने मागाहून घेतले, तेही राखीव गार्ड म्हणून. तिथून वर चढत 2007 साली, सॅन अँटोनिओच्या संघात असताना, ती लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसरी आली.

एवढे झाल्यावर परदेश कशासाठी, असा प्रश्न पडेल. डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यातल्या चार-पाच महिन्यांचा आणि मोठ्यातल्या मोठ्या खेळाडूचे मानधन त्या काळी लाखभर डॉलरच्या आसपास. युरोपातला हंगाम हिवाळ्यात चाले, आणि रशियातले श्रीमंत क्लब याच्या कितीतरी पट पैसे देत. त्यामुळे नामांकित अमेरिकन खेळाडू वर्षाचे दोन तुकडे करून दोन देशांत राहत. हे गणित किती उलटे झाले होते याचा दाखला डायना टॉरासीचा आहे. येकातेरिनबुर्गच्या क्लबने विश्रांतीसाठी पैसे दिले म्हणून 2015 साली ही गार्ड अमेरिकेतला हंगाम खेळलीच नाही. हॅमनने 2007 साली मॉस्कोच्या सीएसकेए क्लबशी करार केला. रशियन लीगमध्ये एका संघाला मोजक्याच अमेरिकन खेळाडू खेळवता येत, तेव्हा रशियन पारपत्र असलेल्या हॅमनची किंमत वाढणार हे उघड होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय संघासाठी संभाव्य खेळाडूंची पहिली यादी निघाली होती, आणि तिच्यात हॅमनचे नाव नव्हते. 2008 साली तिने रशियन नागरिकत्व घेतले. अमेरिकेच्या प्रशिक्षक अ‍ॅन डोनोव्हन यांनी तिच्या देशभक्तीवर जाहीर शंका घेतली. त्या स्वतः खेळाडू म्हणून दोनदा सुवर्णपदक मिळवलेल्या, त्यामुळे त्या शब्दांना वजन होते.

आता माझ्या टोचणीकडे येते. आमच्या कॉलेजचे कोर्ट सिमेंटचे होते. एका रिंगला जाळी नव्हती, म्हणून त्या बाजूला बास्केट झाली की नाही यावर हमखास वाद होई. आमच्या संघात एक मुलगी गार्ड होती. मीही गार्डच, पण तिच्या पासंगालाही पुरले नसते. मागे न बघता ती मागच्या मुलीला पास देई, आणि तो नेमका हातात येई. टी.वाय.ची परीक्षा झाली आणि मे महिन्यात तिचे लग्न झाले. ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले. आडनाव तर बदललेच, पहिले नावही बदलले. गाव बदलले, घर बदलले, आणि त्या घरात चेंडूला जागा नव्हती. आम्ही साऱ्या संघातल्या मुली कार्याला हजर होतो. तिने उखाणा घेतला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या आणि स्टाफरूममधले ते मान डोलावणे या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायला मला बरीच वर्षे लागली. बाईने नाव, गाव आणि निष्ठा बदलावी, ज्या घरी जाईल तिथली होऊन जावे, ही तर आपल्याकडे तिच्या चांगुलपणाची पहिली अट आहे. मात्र हीच अदलाबदल एखादीने आपल्या खेळासाठी, स्वतःच्या सहीने केली, की आपल्याला तिच्यात फितुरी दिसू लागते. माझ्या मैत्रिणीने खेळ टाकून नाव बदलले, हॅमनने खेळ टिकवायला जर्सीवरचे नाव बदलले. आणि मी, जिने बास्केटबॉलवर प्रेम केले असे मला वाटत होते, पहिलीसाठी टाळ्या वाजवल्या आणि दुसरीला दोष दिला.

ही तुलना फार ताणता येत नाही, हे मला कळते. हॅमनपुढे पर्याय होते आणि तिला त्यांचे दाम मिळत होते. शिवाय पारपत्र देणारे राज्य काही केवळ खेळाच्या प्रेमापोटी देत नसते. त्याच ऑगस्टमध्ये रशियाचे रणगाडे जॉर्जियात शिरले होते. पुढे 2022 साली ब्रिटनी ग्राइनरला मॉस्कोच्या विमानतळावर अटक झाली, तिला सुटायला डिसेंबर उजाडला, आणि अमेरिकन खेळाडूंची ती वाट जवळजवळ बंद पडली. डोनोव्हन यांची शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण घरच्या लीगने बारा महिन्यांची भाकर दिली असती तर या बायका येकातेरिनबुर्गच्या थंडीत कशाला गेल्या असत्या, हा प्रश्न त्या शंकेच्या आधी विचारायला हवा होता.

उपांत्य सामना अमेरिकेने 67–52 असा जिंकला. रशियाने नंतर चीनला हरवून कांस्यपदक मिळवले. म्हणजे पदके दिली गेली तेव्हा हॅमन रशियाच्या पोशाखात उभी होती आणि राष्ट्रगीत वाजत होते ते अमेरिकेचे. त्या दोन मिनिटांचा विचार मी अनेकदा केला आहे. सासरच्या अंगणात उभे असताना माहेरची हाक ऐकू आलेल्या बाईला ती मिनिटे समजावून सांगावी लागणार नाहीत.

घरच्या माणसांनी हॅमनला फार काळ दूर ठेवले नाही. 2014 साली सॅन अँटोनिओ स्पर्स या पुरुषांच्या संघाने तिला पूर्णवेळ साहाय्यक प्रशिक्षक नेमले. 2020च्या डिसेंबरात मुख्य प्रशिक्षकांना मैदानाबाहेर काढले गेले तेव्हा एनबीएचा सामना हाताळणारी ती पहिली स्त्री ठरली. 2022 साली प्रशिक्षक म्हणून पहिल्याच हंगामात तिने लास व्हेगास एसेसला विजेतेपद मिळवून दिले. गार्डची नजर तिच्या कामी आली, असे मी मानते.

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. माझी मैत्रीण आली होती. दारातल्या वहीत तिने आधी जुने नाव लिहिले, थांबली, त्यावर रेघ ओढली आणि दुसरे लिहिले. मग मला म्हणाली, "कोर्ट कुठं गेलं गं?" त्या जागी आता दुचाकींसाठी वाहनतळ आहे. मी तिला ते दाखवले. ती गाड्यांच्या रांगांमधून चालत पलीकडच्या टोकापर्यंत गेली, मागे न बघता.