माडीवरचा उत्तर उजेड

जुन्या घरांच्या संवर्धनात मला सगळ्यात जास्त वाद घालावा लागतो तो उत्तरेच्या खिडकीवरून. पेठेतला वाडा विकत घेणाऱ्या किंवा वारशाने मिळालेल्या चित्रकाराला माडीवर स्टुडिओ हवा असतो आणि त्यासाठी उत्तरेची भिंत फोडून मोठी काच. भिंत फोडायला माझी ना नाही. पण तो उजेड पुण्यात पुस्तकात लिहिल्यासारखा वागत नाही.

चित्रकारांना उत्तर हवी असते, कारण तिथून थेट ऊन येत नाही आणि कामाच्या वेळात सावल्या जागच्या हलत नाहीत. पॅरिसला हे चालतं. तिथं भरदुपारी सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. चित्रकार गुस्ताव्ह मोरोचं घर त्याच शहरातलं. आईवडिलांनी १८५२ साली घेतलेलं हे घर त्याने १८९५ मध्ये अल्बेर लाफों या वास्तुकाराकडून बदलून घेतलं. राहत्या खोल्या पहिल्या मजल्यावर आवळल्या, वरचे दोन मजले मोकळे करून प्रशस्त चित्रशाळा केल्या आणि त्या गोल जिन्याने जोडल्या. माझ्या मते एवढा धीट फेरफार दुसऱ्याच्या घरात करायची छाती कुणालाच होत नाही. स्वतःच्या आईवडिलांच्या घरातच होते. १८९८ मध्ये तो गेला आणि १९०३ मध्ये तिथं संग्रहालय उघडलं.

पुणं मात्र साडेअठरा अक्षांशावर. मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत सूर्य दिवसभर उत्तरेच्याच अंगाला. दुपारी तो जवळपास डोक्यावर असल्याने हातभर छज्जा पुरतो. छळतात त्या सकाळ-संध्याकाळ. जूनच्या अखेरीस सूर्य पूर्वेपासून सुमारे पंचवीस अंश उत्तरेकडे सरकून उगवतो आणि भिंतीला घासत तिरपं ऊन आत शिरतं. छज्जा कितीही वाढवा, ते अडत नाही. खिडकीच्या दोन्ही अंगांना उभ्या फळ्याच लागतात. जूनमध्ये ढग निभावून नेतात, मे महिना नेत नाही.

त्यात पेठेतल्या बोळाची रुंदी. उत्तरेच्या खिडकीसमोरची भिंत दक्षिणाभिमुख, म्हणजे हिवाळाभर उन्हात न्हालेली. एका वाड्यात मालकांनी मला खिडकीशी उभं करून हातात कोरा कागद दिला. "ताई, हा पांढरा आहे का सांगा." नव्हता. समोरच्या इमारतीला नुकताच गुलाबी रंग दिला होता आणि तो सगळा कागदावर उतरला होता. शेजाऱ्यांना रंग बदला म्हणणार कोण?

तिथं आम्ही खिडकी होती तेवढीच ठेवली आणि उजेड छपरातून घेतला. दक्षिणेचं पाखं आढ्याच्या वर दोन फूट नेलं आणि मधल्या उभ्या फटीत काच बसवली. इझलपाशी उभं राहून वर पाहिलं तर त्यातून निव्वळ आकाश दिसतं. कौलांच्या मधे काचेची कौलं घालणं कितीतरी स्वस्त पडलं असतं, पण त्यातून उन्हाचे कवडसे पडतात आणि चित्रावरून फिरत बसतात.

वजनाचा हिशेब वेगळा. माडीच्या कडीपाटावर मातीचा थर असतो. जमीन आधीच जड. तुळयांची टोकं भिंतीत गेलेली, आणि भिंतीला कधीतरी सिमेंटचा गिलावा झाला असेल तर ओल आत कोंडून नेमकी तीच टोकं कुजतात. वरून तुळई सागाची, धडधाकट दिसते. टोकाशी गिलावा खरवडून पटाशी टोचली की भुसा निघतो. म्हणून आधी सिमेंट उतरवून चुना, मग बाकी सगळं. छापचित्रांचा लोखंडी प्रेस माडीवर चढवायचा हट्ट मी सरळ मोडून काढते. तो खाली ओसरीवर, जोत्याच्या दगडावर. चित्रकार चार दिवस रुसतात.

तेलरंगवाल्यांना एक ताकीद लेखीच देते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या की आपोआप तापत जातात आणि काडी न लावता पेट घेतात. वाडा म्हणजे उभं लाकूड. चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात आणि रोज संध्याकाळी डबा घराबाहेर, यात सूट नाही.

राहता राहिला मोठा कॅनव्हास. लंडनच्या लेटन हाउसमध्ये, म्हणजे चित्रकार लेटनच्या घरात, चित्रं बाहेर काढायला भिंतीत उंच, अरुंद दार ठेवलं होतं. वाड्याचा जिना अंधारा, भिंतीच्या जाडीत घातलेला. सहा फुटी चौकट त्यात वळतच नाही. आपल्याकडे त्यासाठी भिंत फोडावी लागत नाही, चौक आहे. माडीच्या कठड्याचा एक खण बिजागरीवर घेतला, वरच्या तुळईला कप्पी लावली, की चित्र दोराने सरळ चौकात उतरतं. त्या दिवशी खालच्या बिऱ्हाडाला वाळत घातलेले कपडे तेवढे काढायला सांगावं लागतं, आणि त्यावरून कुरकुर होतेच.