लिहून किती मिळतात?

आमच्या कोपरगावात यंदा ऊस एकरी किती टन पडला हे जितक्या सहज विचारतात, तितक्याच सहज मला विचारतात, "तुम्ही लिहिता ते ठीक, पण त्याचे मिळतात किती?" प्रश्नात कुचेष्टा नसते. दोन साखर कारखान्यांच्या तालुक्यात प्रत्येक गोष्टीचं पेमेंट कधी ना कधी होतं, मग लिखाणाचं का होऊ नये, असा तो सरळ हिशेब असतो. मलाही हा प्रश्न रास्त वाटतो. लेखकाने पैशाचं नाव काढू नये, असं मानणारी जी एक मंडळी आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांचा पगार दुसरीकडून चालू असतो.

माझ्या अब्बांनी उभं आयुष्य शिलाई मशीनवर काढलं. त्यांचा एक नियम होता, "पैले भाव बोल, बाद में कैंची लगा." कापडाला कात्री लागण्याआधी शिलाई ठरली पाहिजे. आम्ही लिहिणारे बरोबर उलटं करतो. आधी लेख देतो आणि मग वर्षभर मानधनाची वाट बघतो. रमजान किंवा ईद जवळ आली की मला हमखास फोन येतात, "मुस्लीम समाजावर एक लेख द्या ना, चार दिवसांत." मानधनाचं विचारलं तर समोर शांतता पसरते. मान मिळतो, धन राहून जातं. आता मी फोनवरच विचारतो, किती देणार आणि कधी देणार. फोन कमी झाले, पण जे येतात ते कामाचे येतात.

इंटरनेटवर लिहून पैसे मिळवायचे ठरवले तर पहिलं नाव येतं गूगलच्या अ‍ॅडसेन्सचं. त्याचं काम असं चालतं. तुमच्या पानावर गूगल जाहिराती लावतं, त्या जागेसाठी जाहिरातदारांची बोली लागते आणि येणाऱ्या पैशातला साधारण 68 टक्के वाटा लेखकाला मिळतो. हिंदी पानांना ही सोय 2014 च्या अखेरीस मिळाली, मराठीला आणखी काही वर्षं थांबावं लागलं. खात्यात 10 डॉलर जमले की पत्ता तपासण्यासाठी टपालाने एक पिन क्रमांक येतो. 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. परदेशातून रक्कम यायची तर बँकेचा स्विफ्ट कोड लागतो, त्यामुळे पतसंस्थेतलं खातं इथे उपयोगाचं नाही. मराठी पानासाठी बोली लावणारे जाहिरातदार इंग्रजीच्या मानाने थोडे, म्हणून दरही थोडा. महिन्याला दहा-पंधरा लेख वाचले जाणाऱ्या माणसाने यावर घर चालवायचा विचार करू नये.

पण दर ही माझी मुख्य अडचण नव्हती. शेतकऱ्याच्या कर्जावर मी एक लेख लिहिला होता. त्या लेखाखाली झटपट कर्ज देणाऱ्या मोबाइल अ‍ॅपची जाहिरात झळकत होती. गोदाकाठच्या एका गावातल्या तरुणाने मला फोन करून विचारलं, "सर, ते अ‍ॅप चांगलं आहे का? तुमच्या लेखाखाली होतं म्हणून विचारतो." त्याला जाहिरात आणि लेख यांतला फरक दिसत नव्हता, आणि का दिसावा? पान माझं, नाव माझं. मी त्याला नको म्हणून सांगितलं आणि त्याच संध्याकाळी सेटिंगमध्ये जाऊन कर्ज, जुगार, दारू, भविष्य आणि झटपट श्रीमंतीचे प्रकार बंद केले. ही सोय अ‍ॅडसेन्समध्ये असते, फार जण ती उघडून बघत नाहीत. उत्पन्न घटलं. व्याजाचा आणि जुगाराचा पैसा घरात नको, हे आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. पण ही गोष्ट फक्त मुसलमानाची नाही. आपल्यावर भरवसा ठेवून वाचणाऱ्याला कुणाच्या दारात नेऊन सोडायचं, हा प्रश्न प्रत्येक लिहिणाऱ्याचा आहे.

आणि प्रश्न नवाही नाही. मराठी नियतकालिकं कुणाच्या खिशावर चालली, हे पाहिलं की आजचे सगळे मार्ग तिथे भेटतात. आमच्याच जिल्ह्यात, अहमदनगरला, 1842 मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झालं. त्यामागे अमेरिकन मराठी मिशन होतं, म्हणजे खर्च संस्थेचा आणि विचारही संस्थेचा. 1909 मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि पुढे सणाच्या खरेदीच्या जाहिरातींवर दिवाळी अंकांची मोठी परंपरा उभी राहिली. 1920 मध्ये सुरू झालेलं 'किर्लोस्कर खबर' मुळात कारखान्याच्या मालाची माहिती देणारं पत्र, त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. आज ज्याला प्रायोजित मजकूर म्हणतात, तो तेव्हाही होता. फरक एवढाच की वाचकाला तो कारखान्याचा आहे हे नावावरूनच कळत होतं.

त्याच 1920 साली, 31 जानेवारीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'मूकनायक' निघालं. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. 'केसरी'ने मात्र त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला नकार दिला होता. ज्याच्या हातात जागा असते, तो पैसे नाकारूनही तुमचा आवाज अडवू शकतो, हे त्यातून शिकायचं. म्हणून आपल्या वाचकांचे पत्ते आपल्याजवळ हवेत. आजच्या भाषेत, ईमेलची यादी आपली स्वतःची हवी. फेसबुकने उद्या पोहोच कमी केली तरी ती यादी राहते.

मला सगळ्यात जवळचं उदाहरण वाटतं ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीचं. मुकुंदराव पाटलांनी 1910 मध्ये 'दीनमित्र' सुरू केलं आणि खेड्यात बसून ते पन्नासहून अधिक वर्षं चालवलं. पुढे छापखानाच गावात आणला. सत्यशोधक विचाराचं पत्र, वाचक शेतकरी आणि कष्टकरी. पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या मर्जीची त्यांना गरज पडू नये, यासाठी साधन आपल्या हातात असणं किती मोलाचं होतं, ते छापखान्यावरून कळतं.

आज तो छापखाना खिशात मावतो. युनिकोडमध्ये टाइप करायला शिका. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर शोधयंत्राला सापडत नाही आणि दुसऱ्या मोबाइलवर उघडला की अक्षरांची खिचडी होते. दहा-बारा चांगले लेख झाले की त्यांचं ई-पुस्तक करता येतं. किंडलवर मराठी पुस्तक स्वतः लावता येतं, तिथे रॉयल्टी 35 किंवा 70 टक्के असते. भारतात 70 टक्के हवी असेल तर ई-पुस्तक ठरावीक मुदतीपुरतं फक्त त्यांच्याकडेच ठेवावं लागतं, ही अट आधी वाचा. छापील पुस्तक काढलंत तर आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात विनामूल्य मिळतो, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. पुस्तकाबद्दल लिहून खाली खरेदीची लिंक दिली तर थोडं कमिशन मिळतं. मात्र ते मिळतं हे वाचकाला स्पष्ट सांगावं. आणि सगळ्यात साधा मार्ग म्हणजे यूपीआयचा क्यूआर कोड. वाचक वीस रुपये देतो, पन्नास देतो. ही जुनी वर्गणीच आहे, फक्त मनिऑर्डरचं कमिशन वाचलं.

माझं स्वतःचं म्हणाल तर खरी कमाई लेखांची नाही, लेखांमुळे मिळालेल्या कामाची आहे. उर्दू-हिंदीतून मराठी भाषांतर, मुद्रितशोधन, संस्थांचे अहवाल, कुणाच्या वडिलांच्या आठवणींचं पुस्तक. लेख वाचून माणसं विचारतात, "हे तुम्ही लिहिलं ना? मग आमचंही करून द्या." मुसलमान असून मराठी इतकं चांगलं कसं, असं आधी म्हणतात, पण काम देतात. मी दर सांगतो, निम्मे आगाऊ घेतो, पावती देतो.

2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झाला. पण भाषा जगते ती तिच्यात काम करून लोकांची चूल पेटते तेव्हा. तालुक्यातली लिहिणारी मुलं-मुली मला विचारतात, तेव्हा मी त्यांना एक वही घालायला सांगतो. डाव्या पानावर कुणी किती दिले, उजव्या पानावर त्या बदल्यात काय मागितलं. उजवं पान कोरं राहतं असे देणारे शोधत राहायचं. माझ्या वहीत असे बहुतेक सगळे वीस-पन्नास रुपयेवाले वाचक आहेत.