पार्सल

आमच्या शिरूरला हॉटेलात ‘पार्सल’ म्हणजे घरी न्यायची मिसळ. रस्सा वेगळ्या पिशवीत. दौंड जंक्शनला पार्सल म्हणजे गोणपाटात शिवलेला गठ्ठा. कॉलेजात असताना आई एसटीने डबा पाठवायची, तेही पार्सलच.

नोकरीत अमेरिकेतल्या जमिनीच्या नोंदींचं काम आलं. एका कॉलमचं नाव होतं ‘पार्सल आयडी’. मला वाटलं, कुरिअरचं काहीतरी असेल. निघाला जमिनीचा तुकडा, म्हणजे आपला गट नंबर! शब्द मूळ लॅटिन ‘पार्टिक्युला’वरून आलेला, अर्थ, छोटा हिस्सा.

रात्री आप्पांना फोन केला. माझ्या फीसाठी विकलेल्या वीस गुंठ्यांचा गट नंबर विचारला. त्यांनी सातबारा न बघताच सांगितला. मग म्हणाले, “जेवला का रे?”