गाव की बंदर?

आम्ही म्हणजे आम्ही नवरा-बायको. दोघंही उर्दू माध्यमातून शिकलेले, दोघंही बी.एड., दोघांचीही वयं तिशीच्या मध्यावर. एकाचं गाव श्रीगोंदा तालुक्यात, दुसरीचं माहेर रत्नागिरीत. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. पण अम्मींच्या तोंडी अजून 'नगर'च आहे, म्हणून इथंही नगरच म्हणतो.

आमच्यातला मास्तर जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत सहावी ते आठवीला शिकवतो. आमच्यातली बाई बी.एड. होऊन दहा वर्षं घरी होती. घरी म्हणजे रोज संध्याकाळी ओट्यावर पंधरा-वीस मुलं घेऊन बसायची. फी काही नाही. गाव तिला 'मास्तरीणबाई' म्हणायचं. पण त्याचा अर्थ मास्तरची बायको असा होता, शिकवणारी असा नव्हता.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तिची रत्नागिरीच्या एका उर्दू हायस्कूलमध्ये शिक्षणसेवक म्हणून निवड झाली. तीन वर्षं मानधन, मग पुढं वेतनश्रेणी. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ साली ८,००० वरून १८,००० झालं, म्हणून निदान विचार तरी करता आला. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. मधले दोन-अडीच महिने आमच्या घरात एकच विषय होता, गाव की बंदर?

गावातले म्हणत, "एवढं शांत गाव सोडून त्या गर्दीत कशाला जाता?" माहेरचे म्हणत, "त्या दुष्काळी मुलखात काय ठेवलंय?" दोघांचंही खरं होतं, आणि दोघांचंही अर्धं.

आमचं गाव शांत आहे. वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही पडला तर. ऊस, लिंबाच्या बागा, दुपारी पारावर दोन म्हातारे आणि एक कुत्रं. मुसलमानांची शंभरेक घरं, आणि त्यांची बोलीही अशी की वाक्य दखनीत सुरू होतं आणि मराठीत संपतं. ज्या श्रीगोंद्यात शेख महंमदांसारख्या मुसलमान संतानं मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, तिथं याचं नवल कुणाला वाटणार? गावात कोण आजारी आहे, कुणाच्या म्हशीनं दूध आटवलं, हे विचारायला जावं लागत नाही. ते चालत घरी येतं.

पण शांततेचेही दोन प्रकार असतात, हे आम्ही २०२३ च्या मे महिन्यात पाहिलं. शेवगावात दगडफेक झाली. आमचं गाव तिथून लांब, गावात काहीही घडलं नाही. तरी दोन दिवस पारावरचं बोलणं आम्ही जवळ गेलो की थांबायचं. कुणी वाईट बोललं नाही. कुणी काही बोललंच नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी नेहमीसारखं विरजण मागितलं आणि अम्मींनी ते जरा जास्तच दिलं. पुन्हा सगळं पूर्वीसारखं झालं. पण ते दोन दिवस आम्ही विसरलो नाही.

मे महिन्यात आम्ही मुलीला घेऊन रत्नागिरीला गेलो, या वेळी माहेरपणाला नव्हे, राहता येईल का ते पाहायला. मिरकरवाडा बंदरावर पहाटेपासून लिलावाचा गलका, बर्फाच्या गाड्या, ओल्या जाळ्यांचा वास. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून शेवटच्या फेऱ्यांची घाई. मुलगी तर हरखूनच गेली. नगरच्या मुलीला इतकं पाणी एका जागी पाहायची सवय कुठली? इथं वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. पण घरांची उतरती छपरं पाहिल्यावर तिला ते पटलं.

आम्ही मात्र भलत्याच गोष्टींत अडकलो. कोकणी मुसलमान शाफई, आम्ही नगरकडचे हनफी. तिथं असरची अजान आमच्यापेक्षा बरीच आधी होते. पहिल्या दिवशी मास्तर निवांत चहा पीत बसला आणि जमात चुकली. जेवणात कोळंबी आली, तेव्हा अम्मींचा चेहरा आठवला. झिंगा मासळीत धरायचा की नाही, हा हनफी उलेमांमधला जुना वाद. अम्मींनी तो स्वतःपुरता कधीच मिटवला आहे, न खाऊन! तिथल्या घराघरांत आखाताचा पैसा आणि आखाताची वाट पाहणं, दोन्ही दिसलं. म्हणजे आपल्यांतही आपण पाहुणेच. गजबज होती, पण त्या गजबजीत आम्हाला नावानं हाक मारणारं माहेर सोडून कुणी नव्हतं.

परत येताना एस.टी.त चारशे किलोमीटरच्या वर प्रवास. बोलायला वेळच वेळ. आमच्या दोन्ही गावांच्या वाट्याला इतिहासात एकेक कैदी आला आहे. मौलाना आझाद १९४२ पासून नगरच्या किल्ल्यात होते. 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं तिथलीच. त्यांत चहा आहे, चिमण्या आहेत. आणि १९४३ मध्ये त्यांची बेगम कलकत्त्यात वारली, तेव्हा ते त्याच शांत किल्ल्यात होते. तिकडं ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीत आणला गेला आणि १९१६ मध्ये तिथंच वारला. त्याच्यासमोर समुद्र होता, पण परतीची बोट नव्हती. आम्ही मुलांना हे शिकवतो. त्या रात्री मात्र वाटलं, शांत जागा बरी की गजबजलेली, हा प्रश्न ज्याला निवड करता येते त्याचाच. निवडायला मिळतंय, हेच आपलं नशीब.

मग आम्ही शांत आणि गजबज हे दोन्ही शब्द बाजूला ठेवले आणि सरळ हिशेब मांडला. आमच्या शाळेत सहावी ते आठवीचा पट येत्या जूनला आमच्या मुलीसह २१ होणार होता. मार्च २०२४ च्या शासननिर्णयानं या वर्गांचा पट २० च्या खाली गेला तर शिक्षकाचं पद मंजूर न करण्याचं धोरण आणलं. मुलगी गेली तर २०. मास्तर गेला आणि जागा रिकामी राहिली, तर वाड्यांवरून पायी येणाऱ्या मुली घरीच बसतील. आठवीनंतर तशाही काहींची शाळा संपते. दुसऱ्या बाजूला आमचीच मुलगी. तिला आठवीनंतर उर्दूतून शिकायचं तर गाव सोडावंच लागणार होतं. आणि ट्रंकेत दहा वर्षं घडी घालून ठेवलेली एक पदवी.

अम्मी हे सगळं ऐकत होत्या. त्या येणार नाहीत हे आम्हाला ठाऊक होतं; अब्बा याच गावच्या कब्रस्तानात आहेत. एका रात्री त्या सुनेला म्हणाल्या, "तू जा गं. तेरेकू शिकवायला आता है, तो शिकव. झिंगा मत खिलाना पोरीकू, इतनाच."

तेव्हा मास्तर गप्प झाला. हिशेबात त्यानं पट धरला होता, शाळा धरली होती, अम्मी धरल्या होत्या. बायकोची दहा वर्षं त्यानं सगळ्यात शेवटी लिहिली होती. हे इथं लिहून ठेवलं पाहिजे, असं आमचं दोघांचंही मत आहे.

तर आम्ही गावही निवडलं आणि बंदरही. जूनमध्ये बाई आणि मुलगी रत्नागिरीला गेल्या. मास्तर आणि अम्मी गावात आहेत. पती-पत्नी एकत्रीकरणातून आंतरजिल्हा बदली मागता येते. पण या वर्षीचा अर्ज त्यानं भरला नाही. सध्याची सातवी आठवी पार करू दे, मग बघू. लोक विचारतात, हा काय संसार? आम्हालाही रोज सोपा वाटत नाही. पण गाव आता तिच्याविषयी विचारतं तेव्हा म्हणतं, "बाईंची शाळा कशी चाललीय?" हा फरक लहान नाही.

दुपारी शाळा सुटली की आम्ही फोनवर बोलतो. बोलता बोलता तिकडची असरची अजान ऐकू येते आणि ती फोन ठेवते. मग बऱ्याच वेळानं आमच्या गावची अजान होते. मास्तर उठतो. नमाज तीच, दिवसही तोच. वेळ तेवढी मागेपुढे. तोवर ओट्यावर मुलं जमू लागलेली असतात. तो वर्ग आता मास्तर घेतो.